प्रवेशज्वरावर उतारा

दरवर्षी एप्रिल महिना उजाडला की आपल्या इंदूर शहरातील सुशिक्षित घरांतून एक साथ पसरते. तिला मी ‘प्रवेशज्वर’ असे नाव दिले आहे. लक्षणे ठरलेली असतात. बारावीला बसलेल्या मुलाची झोप उडते, आईची भूक मंदावते, वडिलांचा रक्तदाब वर चढतो आणि कुटुंबाच्या डॉक्टरांना एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : “डॉक्टर, याला कुठे घालू?” साध्या तापाच्या रुग्णालासुद्धा आपण नाडी, घसा, छाती पाहिल्यावाचून औषध लिहून देत नाही. या प्रश्नाला मात्र आपल्यापैकी पुष्कळ जण जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देऊन मोकळे होतात : “अमक्या विद्यापीठात घाला. त्यांचे नाव आहे.” समाजात डॉक्टरांच्या शब्दाला वजन असते. त्या एका वाक्यावर एखादे कुटुंब वीस-पंचवीस लाखांचे कर्ज काढते. म्हणून ‘नाव आहे’ या दोन शब्दांची एकदा चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगते. शिक्षणसंस्थेचे शुल्क आणि तिचे मूल्य यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही. आपल्या देशात, आपल्या प्रांतात आणि खुद्द आपल्या गावात कमी खर्चात उत्तम शिक्षण देणाऱ्या छोट्या संस्था आहेत. त्या रस्त्यावर फलक लावीत नाहीत, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. त्या शोधून काढणे आणि पारखून घेणे हे काम थोड्या कष्टाचे आहे; पण डॉक्टरांना ते अवघड जाऊ नये, कारण पारख करणे हाच आपला व्यवसाय आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. २०२४ साली सुमारे २३ लाख मुले ‘नीट’ला बसली. त्या वर्षी देशातील एम.बी.बी.एस.च्या सरकारी आणि खासगी मिळून सर्व जागा सव्वा लाखाहून कमी होत्या, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास सरकारी होत्या. साधारण वीस मुलांमागे एक जागा, असा हा हिशेब आहे. उरलेली एकोणीस मुले नालायक आहेत काय? बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर वाढीचा तक्ता असतो. पंचविसाव्या पर्सेंटाइलवर असलेले बाळ सर्वस्वी निरोगी असू शकते, हे आम्ही आयांना रोज समजावून सांगतो आणि त्यांना ते पटतेही. सतरा वर्षांनंतर तेच आईवडील नव्वद पर्सेंटाइल मिळविणाऱ्या मुलाला अपयशी ठरवून मोकळे होतात.

त्याचे परिणाम आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसतात. वारंवार पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड, आणि सर्व तपासण्या मात्र सामान्य, अशी सोळा-सतरा वर्षांची मुले हल्ली नियमाने येतात. एका मुलीच्या पोटाची सोनोग्राफी दोनदा झालेली होती. दुखणे फक्त रविवारी, म्हणजे क्लासच्या चाचणीच्या दिवशी उमटत असे. तिला काय करायला आवडते, असे विचारले. ती हळूच म्हणाली, “लहान मुलांना शिकवायला.” घरात मात्र ‘नीट’च्या दुसऱ्या प्रयत्नाची तयारी चालू होती आणि खासगी जागा मिळालीच तर प्लॉट विकण्याचे ठरले होते. अशा मुलीला आणि तिच्या आईवडिलांना सुचविण्याजोगा दुसरा चांगला मार्ग आपल्याला ठाऊक नसेल, तर पोटदुखीवर आपण काय औषध देणार?

आता खर्चाचा विचार करू. काही अभिमत विद्यापीठांत साडेचार वर्षांच्या एम.बी.बी.एस.चे शुल्क कोटीच्या पुढे जाते. एक कोटी रुपये सात टक्के व्याजाने ठेवले, तर दरमहा सुमारे ५८ हजार रुपये काहीही न करता मिळतात. नुसत्या एम.बी.बी.एस. झालेल्या तरुणाला आरंभीचा पगार किती मिळतो, हे या वाचकवर्गाला मी सांगण्याची गरज नाही. अभियांत्रिकीचे आणि व्यवस्थापनाचेही तेच आहे. वीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर मासिक हप्ता जवळजवळ साडेसव्वीस हजारांचा पडतो आणि फेड सुमारे ३२ लाखांची होते. शिकत असताना साठलेले व्याज आणखी निराळे. बाविसाव्या वर्षी ज्याच्या डोक्यावर हा हप्ता बसतो, तो मुलगा आवडीचे काम निवडू शकत नाही, पुढे शिकू शकत नाही, कमी पगाराच्या पण शिकवणाऱ्या नोकरीला हात लावू शकत नाही. जे शिक्षण मनुष्याला मोकळे करण्यासाठी घ्यायचे, तेच त्याला बांधून ठेवते.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : “स्वस्त ते चांगले कसे असेल?” औषधाच्या बाबतीत हा प्रश्न रुग्ण विचारतो तेव्हा आपण त्याला समजावतो की मूळ द्रव्य तेच आहे, वेष्टन आणि जाहिरात यांची किंमत वेगळी आहे. मग महाविद्यालयाच्या बाबतीत आपणच रुग्णासारखे का बोलतो? खरे पाहता, ज्यांचे नाव देशात आदराने घेतले जाते त्या बहुतेक संस्था महाग नाहीत. दिल्लीच्या एम्सचे शुल्क नाममात्र आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आयडा स्कडर यांनी १९०० साली काढलेल्या लहानशा दवाखान्यातून वाढले. तेथील शिक्षणशुल्कही आजवर नाममात्र राहिले आहे, आणि एम.बी.बी.एस.ची तुकडी शंभरांचीच. तेथील बहुतांश जागा पुरस्कृत असल्यामुळे आपल्या मुलांना फारसा वाव नाही, हे खरे. पण अल्प शुल्क आणि उच्च दर्जा एकत्र नांदू शकतात, याचे ते ढळढळीत उदाहरण आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी उभारली. तेथे नवे विद्यार्थी आरंभी आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. त्या खेड्यात मिळणारे शिक्षण कोणत्याही वातानुकूलित सभागृहात मिळत नाही.

आपल्या गावाचा इतिहासही हेच सांगतो. १८७८ साली सुरू झालेल्या एका छोट्या वैद्यकीय शाळेच्या परंपरेतूनच १९४८ साली आपले महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. या सभेतील कितीतरी ज्येष्ठ सभासद तेथेच घडले. होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ सालचे आहे. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी खतनिर्मितीची जी रीत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. त्या संस्थेचा वारसा सांगणारे शासकीय कृषी महाविद्यालय आजही आपल्या शहरात आहे आणि ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाशी संलग्न आहे. श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रविज्ञान संस्था १९५२ सालची. महूला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाच्या अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागा ‘नीट’च्याच गुणांवर भरल्या जातात, हे आपल्याकडील किती पालकांना ठाऊक आहे? मुलाला प्राण्यांची आवड असूनही ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून नाक मुरडणारी घरे मी पाहिली आहेत.

गावाबाहेर पाहिले तर यादी आणखी वाढते. गणिताची खरी गोडी असणाऱ्या मुलासाठी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात स्थापिलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. तेथील बी.स्टॅट. आणि बंगळुरूच्या केंद्रातील बी.मॅथ. या अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क न घेता उलट दरमहा विद्यावेतन देण्याची परंपरा आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट १९८९ सालची, अगदी लहान आणि अतिशय दर्जेदार. मूलभूत विज्ञानासाठी भोपाळला, म्हणजे आपल्यापासून चार तासांच्या आत, २००८ पासून आयसर आहे. भुवनेश्वरला २००७ पासून नायसर आहे. बारावीच्या परीक्षेत आपापल्या मंडळात अग्रस्थानी असलेल्या मुलांना मूलभूत विज्ञान शिकण्यासाठी केंद्र शासनाची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. ती वर्षाला ८० हजार रुपयांची आहे आणि ती मिळविण्यासाठी आयसरलाच गेले पाहिजे असे नाही. मान्यताप्राप्त महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्यालाही ती मिळू शकते.

वर सांगितलेल्या मुलीसारख्यांसाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. एन.सी.ई.आर.टी.च्या या संस्थेत बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-अभ्यासक्रम आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, गोवा आणि महाराष्ट्र ही तिची कार्यकक्षा. तिची प्रवेशपरीक्षा वेगळी असते आणि अर्जाची मुदत ‘नीट’च्या गडबडीत हातची निघून जाते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथे श्रवण व वाचा-उपचाराची पदवी मिळते. या विषयाबद्दल मी थोड्या आग्रहाने बोलते. ‘दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही’ म्हणून आणलेल्या मुलाला वाचा-उपचाराची गरज असते आणि प्रशिक्षित उपचारक मिळता मिळत नाही, हा माझ्या व्यवसायबंधूंचाही रोजचा अनुभव असेल. ज्या कामाला समाजात इतकी मागणी आहे, त्याचा उल्लेखही आपण समुपदेशनात करीत नाही.

येथे आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांनी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानी घ्यावी. मुलाला ‘आपल्या’ पुण्याला पाठवावे, ही ओढ मी समजू शकते. पण प्रवेशाचे नियम मातृभाषा पाहत नाहीत, डोमिसाइल पाहतात. सीमाभागातील मराठी भाषकांना महाराष्ट्रातील काही अभ्यासक्रमांत सवलत आहे. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैनच्या आपल्याला नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील राज्य कोट्याच्या जागा आपल्याला बहुधा बंद असतात आणि मुलगा संस्थेच्या महागड्या जागेवर जाऊन बसतो. वर वसतिगृह, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च. याउलट मध्य प्रदेशातील सरकारी जागांवर आपला हक्क आहे, आणि केंद्रीय संस्थांत आपण इतर कोणाहूनही उणे नाही. मध्य प्रदेश शासनाची २०१७ पासूनची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनाही गुणांची व उत्पन्नाची अट पूर्ण करणाऱ्या रहिवाशांसाठीच आहे. पूर्वजांनी माळव्यात घर केले, त्याचा एवढा तरी लाभ पुढच्या पिढीला मिळू द्यावा.

मात्र छोटी आणि स्वस्त संस्था म्हणजे चांगलीच, असा सरसकट निष्कर्ष कोणी काढू नये. निकृष्ट प्रतीचे स्वस्त औषधही बाजारात असतेच. आपल्या प्रांतातील अनेक शासकीय महाविद्यालयांत कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि वर्ग ‘अतिथी विद्वानां’वर चालतात. त्यांतील कित्येक जण मनापासून शिकवतात. पण पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, याची ज्याला खात्री नाही, तो विद्यार्थ्याला तीन वर्षे धरून कसा ठेवणार? शासकीय शिक्क्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नॅक’च्या एका तपासणी पथकातील सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून सी.बी.आय.ने अटक केली. आपल्याच राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांच्या प्रकरणात तर मे २०२४ मध्ये तपास करणाऱ्या सी.बी.आय.च्या निरीक्षकालाच लाचेच्या आरोपाखाली अटक झाली. तेव्हा मानांकन हा तपासणीचा एक अहवाल समजावा. निदान आपण स्वतः करावे.

ते कसे करावे? माझ्या मते पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पहिल्या वर्षाला कोण शिकवते. संस्थेतील कायम शिक्षक किती, विद्यार्थी किती आणि माहितीपत्रकातील नामवंत प्राध्यापक प्रत्यक्ष वर्गावर येतात काय, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

दुसरी, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय. ‘ओपन डे’ला न जाता एखाद्या मंगळवारी दुपारी अकल्पित जावे. उपकरणांवर धूळ आहे की हाताळल्याच्या खुणा आहेत, ग्रंथालयाच्या नोंदवहीत काल किती पुस्तके गेली, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात.

तिसरी, मागील तीन तुकड्यांचे काय झाले. फलकावर सर्वांत मोठा पगार झळकत असतो. एका विद्यार्थ्याच्या आकड्यावरून सबंध तुकडीविषयी निष्कर्ष काढू नये, हे आपल्याला संख्याशास्त्रात शिकविले आहे. केंद्र शासनाच्या ‘एन.आय.आर.एफ.’ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना मध्यम वेतन, उच्च शिक्षणास गेलेल्यांची संख्या आणि शिक्षकांची यादी जाहीर करावी लागते. ती माहिती उघडून वाचावी.

चौथी, एकूण खर्च. शिक्षणशुल्क, वसतिगृह, जेवण, परीक्षा, प्रवास आणि कर्जाचे व्याज यांची एका कागदावर बेरीज करावी. शुल्क दरवर्षी वाढणार असेल तर किती, हे लेखी घ्यावे. राज्यातील खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क भोपाळची प्रवेश व शुल्क नियामक समिती ठरवते; संस्थेने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. कर्ज घ्यावेच लागले तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पी.एम. विद्यालक्ष्मी योजना आपल्या संस्थेला लागू आहे काय, याची बँकेत चौकशी करावी.

पाचवी, बाहेर पडण्याचा दरवाजा. पदवीला संबंधित परिषदेची मान्यता आहे ना? मुलाने वर्षाअखेर दिशा बदलायचे ठरविले तर मूळ कागदपत्रे आणि पैसे परत मिळतील काय? विद्यापीठ अनुदान आयोग शुल्कपरताव्याच्या मुदती जाहीर करीत असतो. त्या माहीत असल्या म्हणजे ‘आता भरलेत तर भरलेत’ या धमकीला भ्यावे लागत नाही.

मोठ्या नावामुळे पहिली नोकरी लवकर मिळते, ओळखी होतात, हे मला मान्य आहे. वीस वर्षांचा मुलगा नावाच्या बळावर दारातून आत जातो. पण तेथे टिकतो तो शिकलेल्या विद्येच्या बळावर. आणि चाळीस मुलांच्या वर्गात ज्याला गुरुजी नावाने ओळखतात, ज्याची वही तपासली जाते, ज्याच्या चुका वेळीच सांगितल्या जातात, तो विद्या अधिक घेऊन बाहेर पडतो. आपणही सर्वाधिक शिकलो ते शेकड्यांनी भरलेल्या सभागृहात नव्हे, तर रुग्णाच्या खाटेभोवती उभ्या असलेल्या सात-आठ जणांच्या घोळक्यात.

शेवटी आपल्या संस्थेला एक सूचना करते. आपण वर्षाकाठी रक्तदान शिबिर, मधुमेह तपासणी, व्याख्याने असे स्तुत्य उपक्रम करतो. त्यांत एका ‘प्रवेश नोंदवही’ची भर घालावी. गेल्या पाच वर्षांत ज्या सभासदांची मुले कोठे ना कोठे शिकली, त्यांनी प्रत्येकी एक पान लिहावे : प्रत्यक्ष खर्च किती आला, वर्गात मुले किती होती, कोणी शिकविले, पुढे काय झाले आणि धाकट्या भावंडाला तेथेच पाठवाल काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे ठरेल. मे महिन्यातील एका रविवारी ही नोंदवही समाजातील सर्व पालकांसाठी खुली करावी, आणि बोलायला यशस्वी पालकांऐवजी त्या मुलांनाच बोलवावे. यासाठी निधी लागणार नाही. लागेल तो थोडा प्रामाणिकपणा, कारण लाखो रुपये भरलेली जागा फारशी उपयोगी ठरली नाही, हे लिहायला धैर्य लागते.

नोंदवही तयार होईल तेव्हा होवो. तोपर्यंत या एप्रिल-मेमध्ये कोणी आपल्याला “याला कुठे घालू?” असे विचारले, तर जिन्यात उभ्याने उत्तर देऊ नये. त्याला बसवावे, मुलाला काय आवडते ते मुलालाच विचारावे, आणि म्हणावे, “आधी जाऊन बघून या, मग बोलू.”